पट्टा थांबल्यावरचं एक मिनिट : माझा स्ट्रेस इकोचा अनुभव

डॉक्टरांनी स्ट्रेस इको, म्हणजे श्रमानंतर लगेच घ्यायची हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितली त्या दिवशी घरी येऊन मी मराठीत काही वाचायला मिळतंय का ते शोधलं. तपासणी कशासाठी असते ते सापडलं, पण त्या खोलीत गेल्यावर नेमकं काय होतं, कपडे कसे घालायचे, रोजच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे कुणी सांगितलेलं दिसलं नाही. माझी ही तपासणी दोनदा झाली. पहिली वाया गेली आणि त्याचं कारण अगदी साधं होतं, एका प्रश्नाने टळलं असतं असं. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून झालं ते सगळं क्रमाने लिहिते आहे.

माझं वय ५४. गेली ६ वर्षं रक्तदाबाची गोळी चालू आहे. वडिलांना ५८व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे मनात कुठेतरी भीती होतीच. सप्टेंबरच्या सुरुवातीला जिना चढताना दुसऱ्या मजल्यापाशी छातीच्या मधोमध दडपण आलं. दुखलं असं म्हणता येणार नाही. कुणी तळहात ठेवून दाबून धरावं तसं वाटलं आणि ते दडपण जबड्यापर्यंत चढलं. थांबले, दोन मिनिटांत गेलं. पुढच्या १० दिवसांत असंच आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा चढावरच. पित्त झालं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. बहिणीला फोनवर सहज बोलले, तर ती म्हणाली, "ताई, थांबलं की जातं आणि चाललं की येतं, ते पित्त नव्हे. उद्याच्या उद्या दाखव." तिचं ऐकलं हे बरं झालं. ज्यांना असं दडपण बसल्या जागीही येतं, वाढत जातं किंवा १५-२० मिनिटं हटत नाही, त्यांनी कुठल्याही तपासणीची तारीख घेत बसू नये, थेट तातडीच्या विभागात जावं. माझं तसं नव्हतं, म्हणूनच पुढचं सगळं सावकाशीने होऊ शकलं.

१७ सप्टेंबरला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. झोपून काढलेला ईसीजी साफ होता. साधी इकोही चांगली आली, पंपाची ताकद ६० टक्के. मला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, "ही तुमची विश्रांतीतली परीक्षा झाली. तक्रार तर चढावरची आहे." मग त्यांनी समजावलं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, म्हणजे कोरोनरी, आतून अरुंद होत गेल्या तरी माणूस बसलेला असताना रक्त पुरेसं पोचत राहतं. विश्रांतीतला पुरवठा कमी पडायला वाहिनी ८५-९० टक्के बुजावी लागते. श्रमाच्या वेळी मात्र स्नायूला कितीतरी पट जास्त रक्त लागतं, तेव्हा निम्म्याहून अधिक अरुंद झालेली वाहिनीही कमी पडायला लागते. घरात एकच नळ सोडला असेल तर चिंचोळ्या नळीतूनही पाणी पुरतं, सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, असं त्यांनी सांगितलं. मला ते लगेच पटलं.

२२ सप्टेंबरला टीएमटी झाली, म्हणजे ईसीजीच्या तारा लावून ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालणं. सातव्या मिनिटाला आलेखात थोडी घसरण दिसली, छातीत किंचित जडपणा आला. अहवालात निकाल 'सीमारेषेवर' असा आला. डॉक्टरांनी सांगितलं की बायकांच्या बाबतीत टीएमटीचा आलेख बऱ्याचदा फसवतो, आजार नसतानाही रेषा खाली जाते. शिवाय खरोखर आजार असलेल्या १०० जणांपैकी साधारण ६५ ते ७० जणांनाच नुसती टीएमटी पकडते. श्रमानंतर लगेच हृदयाची सोनोग्राफी केली, तर हा आकडा ८० ते ८५पर्यंत जातो. क्ष-किरण नाहीत, किरणोत्सर्गी औषध नाही, ध्वनिलहरींवर सगळं काम. तोवर म्हणून त्यांनी अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि मेटोप्रोलोल २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी औषधं सुरू केली, जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगायला दिली आणि स्ट्रेस इकोची चिठ्ठी लिहिली. यातलं मेटोप्रोलोल लक्षात ठेवा.

तारीख मिळवायला वेळ गेला तो मुख्यतः विम्यामुळे. दाखल न होता करायची तपासणी असल्याने विमा कंपनीची पूर्वमंजुरी लागेल असं कळलं. पहिला अर्ज परत आला, कारण चिठ्ठीवर फक्त 'छातीत दुखणे' एवढंच होतं. साध्या टीएमटीने का भागत नाही, हे डॉक्टरांच्या सहीने हवं होतं. टीएमटीचा अहवाल, आलेखाच्या प्रती आणि दोन ओळींचं पत्र जोडून पुन्हा दिलं. यात ८ दिवस गेले. तुम्ही जाणार असाल तर ते पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या. खर्च विचारताना नुसतं "तपासणीचे किती?" असं विचारू नका. डॉक्टरांनी चित्रं वाचण्याचं शुल्क वेगळं आहे का, चित्र स्पष्ट व्हावं म्हणून शिरेतून औषध द्यावं लागलं तर त्याचे वेगळे पडतात का, तपासणी अपुरी राहिली तर पुन्हा पूर्ण पैसे लागतात का, हेही विचारा. हा शेवटचा प्रश्न मला सुचला नव्हता.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी बरंच वाचलं. हृदयावर पहिल्यांदा ध्वनिलहरी टाकून नोंद घेतली गेली ती १९५३ मध्ये, स्वीडनमधल्या लुंडला. इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. जहाजबांधणीत धातूतल्या भेगा शोधायला वापरायचं यंत्र त्यांनी हृदयाकडे वळवलं. भेग शोधणाऱ्या यंत्रातून सुरू झालेलं काम आता माझ्या छातीवर होणार, या विचाराने का कोण जाणे, मला धीर आला.

पहिली तपासणी ६ ऑक्टोबरला. फोनवर फक्त दोन सूचना मिळाल्या होत्या, ४ तास काही खायचं नाही आणि धावायचे बूट आणायचे. सकाळी नेहमीप्रमाणे गोळ्या घेतल्या, अगदी थोड्या पाण्याबरोबर. वेळ साडेदहाची होती, आत बोलावलं पावणेबाराला. तोवर चार पानी अर्ज भरला. चालू औषधांच्या रकान्यात मेटोप्रोलोल स्वच्छ अक्षरात लिहिलं, डोस लिहिला, वेळा लिहिल्या. संमतिपत्रात झटका, ठोक्यांची गडबड, मृत्यू असे शब्द होते. ते वाचून हात थांबला. तिथल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की गंभीर प्रकार काही हजारांत एखाद्याच्या बाबतीत होतो, आणि शॉक द्यायचं यंत्र, औषधं, माणसं सगळं या खोलीतच असतं. त्यांनी ते यंत्र मला दाखवलं. मग सही केली.

कमरेच्या वरचे सगळे कपडे काढून पुढून उघडणारा गाऊन घालावा लागतो. आतलं अंतर्वस्त्रही काढावं लागतं. बायकांनी हे आधी माहीत करून घेतलेलं बरं, म्हणजे ऐनवेळी अवघडायला होत नाही. तपासणीला बाई तंत्रज्ञ असावी असं वाटत असेल तर तारीख घेतानाच सांगा. मी सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. छातीवर दहा ठिकाणी त्वचा खरखरीत कागदाने घासून चकत्या चिकटवल्या. प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा हातात धरायचा भाग, फिरवायला जागा राहावी म्हणून यातल्या काही नेहमीच्या जागेपासून जरा सरकवतात. मग डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. प्रोबवर गार जेल. डाव्या स्तनाखाली बरगड्यांच्या फटीत तो चांगलाच दाबून धरतात, थोडं दुखतं. चार-पाच कोनांतून विश्रांतीतली चित्रं घेतली, त्याला २० मिनिटं लागली.

मग पट्टा. सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटरचा वेग आणि १० टक्के चढ. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. ही पद्धत रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. मला गाठायचे होते मिनिटाला १४१ ठोके. हिशेब असा की २२० मधून वय वजा करायचं, माझे १६६ आले, त्याचे ८५ टक्के म्हणजे १४१. तिसऱ्या मिनिटाला ९८. सहाव्याला ११३. पाय भरून आले, पोटऱ्या ओढू लागल्या, पण ठोके काही चढेनात. आठव्या मिनिटाला १२४ वर मी दांड्याला लोंबकळल्यासारखी झाले आणि थांबवायला सांगितलं. डॉक्टर आत आले, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "सकाळी कुठल्या गोळ्या घेतल्या?" मी नावं सांगितली. मेटोप्रोलोल ऐकल्यावर त्यांनी तंत्रज्ञ ताईंकडे पाहिलं, ताईंनी अर्जाकडे. अर्जात ते होतं. वाचलेलं कुणी नव्हतं.

मेटोप्रोलोल हे बीटा ब्लॉकर. हृदयाचे ठोके वाढू न देणं हेच त्याचं काम आणि माझ्या बाबतीत त्याने ते चोख केलं. अहवालावर आलं, 'अपुरा ताण, निष्कर्ष काढता येत नाही.' १२४ ठोक्यांवर हृदयाच्या भिंती ठीक दिसल्या होत्या, पण ज्या भिंतीला खरा भार पडलाच नाही, ती भार सोसते की नाही ते कसं सांगणार? त्या दिवशी घरी येताना मी रडले. निकाल वाईट आला असता तरी चाललं असतं, पण निकालच नाही, हे सोसवेना.

पुढचे ५ दिवस कागदांत गेले. मी अर्ज लिहिला की गोळी थांबवण्याची सूचना मला मिळाली नव्हती आणि माझ्या माहितीपत्रात औषधाची नोंद होती, त्या पानाची प्रत जोडली. तपासणीचं शुल्क माफ झालं, डॉक्टरांचं पुन्हा भरावं लागलं. विमा कंपनीला अपुरा अहवाल पाठवून मंजुरीची मुदत वाढवून घेतली. हे सगळं नम्रपणे पण लेखी करा. काउंटरवर तोंडी बोलून मला काहीच मिळालं नव्हतं.

माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी या वेळी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, मेटोप्रोलोल तपासणीआधी ४८ तास बंद, रक्तदाबाची नेहमीची गोळी चालू, बाकीची चालू. सोबत बजावलंही, या दोन दिवसांत जिने नाहीत, ओझं नाही, दडपण आलं तर जिभेखालची गोळी आणि लगेच फोन. इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. बीटा ब्लॉकर स्वतःच्या मनाने बंद करू नका. अचानक सोडलं तर ठोके आणि दाब उसळू शकतात, छातीतलं दुखणं वाढू शकतं. आणि काही रुग्णांची तपासणी मुद्दाम गोळी चालू ठेवूनच करतात, औषध पुरतंय का ते बघायला. म्हणून प्रश्न एवढाच विचारायचा, "माझी ही गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही?" उत्तर कागदावर घ्यायचं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपणामुळे तेही विचारायला हवं.

१७ तारखेच्या रात्री शेवटची गोळी घेतली. १९च्या रात्री उशीवर कान टेकला की ठोके ऐकू यायचे. झोप कमी लागली.

२० ऑक्टोबर, सकाळी ९ची वेळ. या वेळी दुसऱ्या ताई होत्या. त्यांनी आधी माझी गोळ्यांची यादी हातात घेऊन एकेक ओळ मोठ्याने वाचली. विश्रांतीतली चित्रं झाल्यावर मला पट्ट्यावर न चढवता म्हणाल्या, "आधी एकदा रंगीत तालीम करू. पट्टा थांबला की डावा पाय खाली, तीन पावलं, पलंगावर बसायचं, तशीच डाव्या कुशीवर. गाऊन मी सांभाळते, तारा ही सांभाळेल. तुम्ही फक्त पडायचं." आम्ही ते दोनदा करून पाहिलं. मला पहिल्या वेळी हे कुणीच सांगितलं नव्हतं आणि सगळ्या तपासणीत हेच सगळ्यात महत्त्वाचं निघालं.

कारण असं. श्रमात एखाद्या भागाला रक्त कमी पडलं की तिथली भिंत आळसावते, पण श्रम थांबले की ती सावरायलाही लागते. म्हणून चित्रं पट्टा थांबल्यापासून ६० ते ९० सेकंदांत घ्यावी लागतात. नेहमीच्या टीएमटीत शेवटी पट्टा हळूहळू मंद करतात, इथे तसं नसतं. पट्टा थांबतो आणि तुम्ही धापा टाकत असतानाच आडवं व्हायचं असतं. काही ठिकाणी मागे रेललेल्या सायकलवर पेडल मारता मारताच चित्रं घेतात, तिथे ही धावपळ नसते. आणि ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा इतर कारणाने चालताच येत नाही, त्यांना शिरेतून डोब्युटामिन नावाचं औषध थोडं थोडं वाढवत देऊन ठोके चढवतात. चालता येत असेल तर चालण्याचीच तपासणी बरी, असं मला सांगितलं गेलं, कारण किती चाललात आणि चालताना काय झालं हीसुद्धा मोठी माहिती असते.

पट्टा सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला ११२, सहाव्याला १२९. मागच्यापेक्षा अंग हलकं वाटत होतं. तिसऱ्या टप्प्यात ताशी ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के चढ. यात चालणं आणि धावणं यांच्या मधलं काहीतरी होतं, पायाला लय सापडत नाही. दांडा घट्ट धरू नका असं ताई सांगत राहिल्या, दांड्यावर भार टाकला की हृदयाचं काम कमी होतं. बोटं टेकवली तेवढीच. दर तीन मिनिटांनी रक्तदाब मोजायची दंडावरची पट्टी फुगायची. आठव्या मिनिटाला ते दडपण आलं. तोच तळहात, तीच जागा. मी लगेच सांगितलं. लपवून थोडं अजून चालावं, आकडा गाठावा असा मोह होतो, तो मनातच मोडून टाकायला हवा. डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, "दहापैकी किती?" मी म्हटलं, "तीन." "वाढलं तर सांगा." ठोके १४१ च्या वर गेले होते. ८ मिनिटं ४० सेकंदांना, १४६ वर त्यांनीच "थांबा" म्हटलं.

डावा पाय, तीन पावलं, पलंग, कूस. डोक्यावरचं छत फिरत होतं. जेल आता गार लागलं नाही. "श्वास सोडा… धरा." धाप लागलेली असताना सोडलेला श्वास तसाच बाहेर रोखून धरणं ही या तपासणीतली सगळ्यात कठीण गोष्ट. फुप्फुस फुगलं की ते हृदय आणि प्रोब यांच्या मध्ये येतं आणि चित्र पुसलं जातं, म्हणून ते करावंच लागतं. छाती आतून श्वासासाठी धडका मारत होती. दोन सेकंद, तीन सेकंद. "घ्या." दोन घोट हवा मिळाली न मिळाली तोच, "सोडा… धरा." असं चार-पाचदा. ताईंच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता, त्या प्रोब फिरवत होत्या आणि दुसरा हात यंत्राच्या बटणांवर. मागून कुणीतरी सेकंद मोजत होतं. "बावन्न," असं ऐकलं आणि ताई म्हणाल्या, "मिळाली सगळी. आता हवा तसा श्वास घ्या." घरी चार दिवस आधीपासून जिना न चढता, बसल्या बसल्या, श्वास सोडून तीन सेकंद थांबायचा सराव केला असता तर सोपं गेलं असतं. ज्यांची तपासणी व्हायची आहे त्यांनी जरूर करावा.

दडपण तीन-चार मिनिटांत ओसरलं. दाब, ठोके, आलेख जागेवर येईपर्यंत १५ मिनिटं झोपवून ठेवलं. मेटोप्रोलोल त्याच दुपारी पुन्हा सुरू करायला सांगितलं. अंगावरच्या चकत्या काढताना कोमट पाणी लावलं तर त्वचा ओढली जात नाही.

अहवाल दोन दिवसांनी मिळाला, पण त्याचा अर्थ २४ तारखेला डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला तेव्हाच कळला. पडद्याचे चार भाग. डावीकडे विश्रांतीतलं हृदय, उजवीकडे त्याच कोनातलं श्रमानंतरचं, दोन्ही एकाच तालात धडकताना. करड्या रंगाच्या भिंती आत येतात, जाड होतात, पुन्हा सैल पडतात. निरोगी स्नायू श्रमानंतर अधिक जोराने आत येतो आणि मधली पोकळी लहान होते. माझी पोकळी लहान झाली होती, ती चांगली खूण. ती उलट मोठी झाली असती तर एकाहून जास्त वाहिन्यांचा संशय आला असता. मग त्यांनी खालच्या भिंतीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. "इथे बघा." मी बघत राहिले. मूठ मिटताना चार बोटं पुरती मिटावीत आणि एक अर्ध्यावर राहावं, तशी ती खालची भिंत मागे राहत होती. विश्रांतीतल्या चित्रात तीच भिंत बाकीच्यांबरोबर येत होती. इतके दिवस जिन्यावर मला जे जाणवत होतं, ते मी डोळ्यांनी पाहत होते.

डाव्या जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या, भिंतींचे १७ भाग धरतात आणि प्रत्येकाला गुण देतात, १ म्हणजे नीट, २ म्हणजे मंद, ३ म्हणजे हलतच नाही, ४ म्हणजे उलट बाहेर जाते. माझ्या दोन भागांना २ गुण होते, दोन्ही खालच्या भिंतीचे. या भिंतीला बहुतेकांत उजव्या कोरोनरीतून रक्त येतं, त्यामुळे संशय तिच्यावर. भिंत मंदावणं आधी होतं, आलेख त्यानंतर बदलतो आणि दुखणं सगळ्यात शेवटी येतं, असा साधारण क्रम असतो. म्हणून नुसत्या आलेखापेक्षा ही तपासणी आधी सांगू शकते. तिच्याही मर्यादा त्यांनी सांगितल्या. एकाच वाहिनीतला, विशेषतः बाजूच्या भिंतीच्या वाहिनीतला आजार तिच्या नजरेतून सुटू शकतो. चित्र अस्पष्ट असलं तर चुकू शकतं. वाचणारे डोळे सरावलेले हवेत.

मी एकच प्रश्न घेऊन गेले होते, आता लगेच अँजिओग्राफी आणि स्टेंट का? ते म्हणाले, घाई नाही. मंदावलेला भाग लहान आहे, तुम्ही साडेआठ मिनिटांच्या वर चाललात, पंप चांगला आहे. त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या अभ्यासाविषयी सांगितलं. स्थिर तक्रारी आणि ताणतपासणीत मध्यम ते गंभीर दोष असलेले ५१७९ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना औषधांबरोबर सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. सरासरी तीन वर्षांच्या आसपास पाहिलं तर मृत्यू किंवा झटके यांत ठळक फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं ज्यांना वारंवार होत होतं त्यांना मात्र स्टेंट-बायपासने अधिक आराम पडला. पण या अभ्यासात डावीकडच्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण घेतले नव्हते, म्हणून ती वाहिनी मोकळी आहे एवढं बघायला सीटी अँजिओग्राफी करू, असं ठरलं. ती ३१ तारखेला झाली. डावी मुख्य वाहिनी मोकळी निघाली, उजव्या कोरोनरीत मध्यावर अडथळा. इकोत भिंतीने जी जागा दाखवली होती तिच्याशी ते जुळत होतं.

स्टेंट आज नको असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मेटोप्रोलोलचा डोस वाढला, कोलेस्टेरॉलची गोळी जास्त ताकदीची झाली. रोज सपाटीवर अर्धा तास चालते, जिना चढताना एका मजल्यावर थांबते. नोव्हेंबरात दडपण दोनदा आलं, डिसेंबरात एकदाही नाही. आता भीती पूर्वीसारखी नाही, पण गेली आहे असंही नाही. अजून कधी कधी रात्री कान उशीवर टेकला की मी मोजते.

पट्ट्यावरची सगळी चित्रं सीडीवर मागून घेतली आहेत. नुसता अहवाल असला तर पुढच्या डॉक्टरांना तुलना करता येत नाही, आणि सहा महिन्यांनी मागितली तर ती मिळतीलच असं नाही. पुढची स्ट्रेस इको १२ मार्चला आहे. या वेळी ती मेटोप्रोलोल चालू ठेवून करायची आहे, औषधावर ती खालची भिंत कशी वागते ते बघायला. तसं डॉक्टरांकडून लिहून घेतलंय आणि तो कागद अर्जाच्या पहिल्याच पानाला टाचून ठेवलाय.